पिंजरा, दोरखंड आणि उधळलेला घोडा: समकालीन चित्रकार प्राण्यांमधून कैद आणि मुक्ती कशी सांगतात?

ऑगस्ट २०२४ मध्ये लंडनमध्ये सलग नऊ दिवस रोज एक नवं चित्र उगवत होतं. कधी भिंतीवर बोकड, कधी दोन खिडक्यांतून एकमेकांकडे सोंड लांबवणारे हत्ती, कधी पुलावर लोंबकळणारी माकडं. ओळख लपवून काम करणारा ब्रिटिश भित्तिचित्रकार बँक्सी ही चित्रं इन्स्टाग्रामवर टाकायचा, पण सोबत एक शब्दही लिहायचा नाही.

नववं आणि शेवटचं चित्र लंडन प्राणिसंग्रहालयाच्या शटरवर निघालं. त्यात एक गोरिला शटरची कड उचलून धरतो आहे. खालून एक सी लायन निसटतो आहे, पक्षी उडून जात आहेत आणि आतल्या अंधारात काही डोळे चमकत आहेत. ते पाहून अनेकांना मागच्या आठ चित्रांचा अर्थ लागल्यासारखा वाटला. शहरभर दिसलेले प्राणी इथूनच पळाले होते, असा तो तर्क.

पुढचा भाग जास्त बोलका आहे. डिश अँटेनावर रंगवलेला लांडगा काही तासांतच चोरीला गेला. शिकारी मासे रंगवलेली पोलीस चौकी उचलून गिल्डहॉलच्या आवारात सुरक्षित ठेवली गेली. गोरिलाचं शटरही काही दिवसांनी काढून जपून ठेवण्यात आलं आणि त्या जागी नक्कल लागली. प्राण्यांच्या सुटकेची चित्रं अशी कुणाच्या ना कुणाच्या ताब्यात गेली.

प्राणी हे कैदेचं आणि स्वातंत्र्याचं प्रतीक म्हणून चित्रांत इतक्या वेळा का येतात? त्यात प्राण्याची गोष्ट किती आणि माणसाची किती? आणि असं चित्र समोर आलं, तर ते पाहायचं कसं?

भाषेतच दडलेला पिंजरा

चित्रांकडे जाण्याआधी आपली भाषा पाहू. एखाद्याच्या मनमानीला आवर घालायचा तर मराठीत त्याला ‘वेसण घालतात’. खर्चाला ‘लगाम’ लावतात. कुणी कुणाच्या ‘दावणीला’ बांधलं जातं, तर कुणी ‘मोकाट’ सुटतं. सुखसोयी आहेत पण मनासारखं जगता येत नाही, त्या घराला ‘सोन्याचा पिंजरा’ म्हणतात. आनंदाने बेभान झालेला माणूस ‘चौखूर उधळतो’.

हे सगळे शब्द गोठ्यातून, तबेल्यातून आणि अंगणातल्या पिंजऱ्यातून आले आहेत. ज्यांनी ते घडवले, त्यांच्या घरात जनावरं होती. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, त्याला अंघोळ घालून सजवतात आणि पुरणपोळी भरवतात. ही एका दिवसाची सुट्टी आहे. बाकीचे दिवस तो बांधलेला असतो हे त्यातच गृहीत आहे.

ही प्रतिमा अगदी न्यायालयापर्यंत पोहोचली आहे. २०१३ मध्ये कोळसा खाणवाटप प्रकरणाच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयला पिंजऱ्यातल्या पोपटाची उपमा दिली होती. बातमी देशभर पसरली, कारण उपमा कुणाला समजावून सांगावी लागली नाही.

चित्रकारही याच सवयीचा उपयोग करून घेतो. बांधलेल्या माणसाचं चित्र पाहिलं की आपण विचारतो, हा कोण, कुठला, कुणाच्या बाजूचा? बांधलेल्या प्राण्याबद्दल हे प्रश्न येत नाहीत. आपण थेट त्याच्या वेदनेपाशी पोहोचतो.

ही परंपरा किती जुनी आहे?

बरीच जुनी. डच चित्रकार कारेल फाब्रिशिअस याने १६५४ मध्ये ‘द गोल्डफिंच’ नावाचं छोटंसं चित्र रंगवलं. भिंतीवर दाण्यांची पेटी आहे, तिच्या दांडीवर एक चिमुकला पक्षी बसला आहे. चित्र साधं वाटतं, पण नजर खाली गेली की पायाला अडकवलेली बारीक साखळी दिसते. त्या काळात या पक्ष्याला छोट्या भांड्याने पाणी ओढायला शिकवत आणि घरात करमणूक म्हणून पाळत. त्याच वर्षी डेल्फ्ट शहरातल्या दारूगोळ्याच्या स्फोटात फाब्रिशिअसचा मृत्यू झाला. हे चित्र आज नेदरलँड्समधल्या हेग शहरात माउरित्सहाउस संग्रहालयात आहे.

विसाव्या शतकात प्राण्यांवरचं ओझं वाढलं. १९३७ मध्ये स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले. पाब्लो पिकासोने त्यावर केलेल्या भव्य चित्रात विमानं नाहीत, सैनिकांच्या फौजा नाहीत. किंचाळणारा घोडा आहे आणि बाजूला उभा असलेला बैल आहे. त्या बैलाच्या अर्थावर आजही वाद होतात. याच पिकासोचं कबुतर १९४९ च्या पॅरिसमधल्या शांतता परिषदेच्या पोस्टरवर आलं आणि जगभर शांततेची खूण बनलं.

म्हणजे एकाच चित्रकाराच्या हातात एक प्राणी हिंसेचा साक्षीदार झाला आणि दुसरा सुटकेची आशा. पुढच्या पिढ्यांनी या दोन्ही वाटा पुढे नेल्या.

तैयब मेहतांचा बैल का उठत नाही?

भारतीय चित्रकलेत कैदेची सर्वात ठसठशीत प्रतिमा कोणती, तर तैयब मेहता यांचा जखडलेला बैल. १९२५ मध्ये गुजरातमधल्या कपडवंज इथे जन्मलेले तैयब मुंबईत वाढले. आधी त्यांनी चित्रपटांच्या संकलनाचं काम केलं, मग जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतलं.

१९४७ च्या दंगलीत मोहम्मद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून त्यांनी एका माणसाला जमावाने ठार मारताना पाहिलं. त्या दृश्याने आयुष्यभर पाठ सोडली नाही, असं ते सांगत. मात्र त्यांनी दंगल थेट रंगवली नाही. त्यांनी बैल रंगवला.

१९५६ च्या ‘ट्रस्ड बुल’ या चित्रात चारही पाय बांधून आडवा पाडलेला बैल आहे. गावाकडे बैलाला पत्र्या मारताना दोरखंडाने पाय आवळून असंच पाडतात. पण तिथे काम झालं की दोर सुटतो आणि बैल उठून उभा राहतो. तैयब यांचा बैल उठणार नाही, हे पाहणाऱ्याला आतून कळतं. कारण हा कत्तलखान्यातला बैल आहे.

बैलच का? तैयब यांचं म्हणणं साधारण असं होतं की, बैल म्हणजे प्रचंड ताकद. एवढ्या ताकदीच्या जिवाला बांधून पाडणं म्हणजे जीवनावरच हल्ला करणं. सशाचं चित्र असतं तर आपल्याला कीव आली असती. बैलाच्या चित्रात कीव कमी आणि वाया गेलेल्या शक्तीची चीड जास्त आहे.

१९७० मध्ये त्यांनी ‘कूडल’ नावाचा १६ मिनिटांचा लघुपट केला. त्याचा महत्त्वाचा भाग वांद्र्याच्या कत्तलखान्यात चित्रित झाला होता. नंतरच्या चित्रांत बैल पुन्हा पुन्हा आला. कधी तो रिक्षावर आडवा टाकलेला आहे. माणूस ओढतो ती रिक्षा आणि तिच्यावर ओझं ओढणारा बैल, म्हणजे राबणारे दोन जीव एकाच आकारात गुंतलेले. खाली कोसळणारे पक्षीही त्यांनी रंगवले. पक्षी हे स्वातंत्र्याचं नेहमीचं प्रतीक, पण तैयब यांनी त्याला नेमकं पडताना पकडलं.

एप्रिल २०२५ मध्ये, तैयब यांच्या जन्मशताब्दी वर्षात, ‘ट्रस्ड बुल’ लिलावात ६१.८ कोटी रुपयांना विकलं गेलं. बातम्यांत आकडा गाजला. मात्र त्या आकड्याच्या मागे मुंबईतल्या एका तरुणाने खिडकीतून पाहिलेला एक खून आहे, हे फार थोड्यांपर्यंत पोहोचलं.

हुसेन यांचे घोडे खरंच मोकळे आहेत का?

बैलाच्या दुसऱ्या टोकाला मकबूल फिदा हुसेन यांचा घोडा आहे. पंढरपूरला १९१५ मध्ये जन्मलेल्या हुसेन यांचं लहानपण इंदूरमध्ये गेलं. तिथे मोहरमच्या मिरवणुकीत त्यांनी दुलदुल हा घोडा पाहिला होता. १९५२ च्या चीन दौऱ्यात तिथल्या चित्रकार आणि शिल्पकारांचे घोडे त्यांच्या पाहण्यात आले. पुढे युरोपातल्या घोड्यांच्या शिल्पांचा प्रभाव पडला. या सगळ्यातून जो घोडा तयार झाला तो कुठल्याच एका देशाचा राहिला नाही.

त्यांचे घोडे बहुतेक वेळा बिनलगामाचे असतात. नाकपुड्या फुललेल्या, मान मागे फेकलेली, पाय हवेत. स्वाराचा पत्ता नसतो. रेषा इतकी वेगवान असते की घोडा चौकटीबाहेर निघून जाईल असं वाटतं.

पण चित्रकाराच्या आयुष्याने या घोड्यांना वेगळाच अर्थ दिला. देवीदेवतांच्या चित्रांवरून देशभर खटले दाखल झाले, निदर्शनं झाली, प्रदर्शनांवर हल्ले झाले. २००६ मध्ये हुसेन भारताबाहेर गेले. २०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या कल्पनेतलं ‘सीरू फी अल अर्द’ हे काम त्यांच्या मृत्यूनंतर, २०१९ मध्ये, दोहामध्ये खुलं झालं. त्यात घोडे आहेत, पण ते काचेचे आहेत आणि फिरत्या मंचावर उभे आहेत. नावाचा अर्थ साधारण ‘पृथ्वीवर भटका’ असा. आयुष्यभर उधळणारे घोडे रंगवणाऱ्या चित्रकाराला शेवटच्या वर्षांत स्वतःच्या देशात फिरता आलं नाही. त्यामुळे आज त्यांचे घोडे पाहताना ‘मोकळं’ म्हणजे काय, हा प्रश्न टाळता येत नाही.

पिंजरा रंगवणारा चित्रकार: जील आयो

बैल आणि घोडा ही प्रतीकं आहेत हे लगेच समजतं. फ्रेंच चित्रकार जील आयो यांनी वेगळी वाट धरली. १९२८ मध्ये पॅरिसला जन्मलेल्या आणि तत्त्वज्ञान शिकलेल्या आयो यांनी १९६० च्या दशकापासून प्राणिसंग्रहालयं रंगवायला सुरुवात केली.

त्यांच्या चित्रात वेदनेने ओरडणारा प्राणी नसतो. असतात त्या फरशा, नळ, ड्रेनेजची जाळी, काच, कठडे आणि एखादं प्लास्टिकचं भांडं. प्राणी कुठेतरी कोपऱ्यात, पाठ करून, भिंतीच्या रंगात मिसळून पडलेला असतो. बघे तर कधीच नसतात. त्यामुळे चित्रासमोर उभा राहणारा माणूस आपोआप त्या रिकाम्या जागेवर येतो. बघ्या तोच ठरतो.

रंगवण्याची पद्धत शांत, जवळपास कोरडी. पण थोडा वेळ पाहिलं की लक्षात येतं, इथे प्राण्याला कुणी मारत नाही. त्याला वेळेवर खायला मिळतं, जागा स्वच्छ आहे, देखभालही नीट होते आहे. तरीही त्याच्यासाठी करण्यासारखं काहीच उरलेलं नाही. कैद म्हणजे छळच असतो असं नाही, ती व्यवस्थाही असू शकते, हे आयो दाखवतात. ऑफिसच्या क्युबिकलमध्ये किंवा लॉकडाऊनमध्ये महिनोन्‌महिने घालवलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगण्याची गरज नाही.

ब्रिटिश लेखक जॉन बर्जर यांनी ‘व्हाय लुक अॅट अॅनिमल्स?’ हा गाजलेला निबंध लिहिला, तो आयो यांनाच अर्पण केला आहे. बर्जर यांचा मुद्दा असा की, माणूस प्राणिसंग्रहालयात प्राण्याला भेटायला जातो, पण भेट होतच नाही. प्राण्याची नजर आपल्यावरून सरकून पलीकडे जाते. जे प्राणी एकेकाळी माणसाच्या जगण्याच्या मध्यभागी होते, ते रोजच्या आयुष्यातून हटले आणि तेव्हाच प्राणिसंग्रहालयं, खेळण्यांतले प्राणी आणि प्राण्यांची चित्रं वाढली.

आयो पुढे केनियाला गेले. तिथे मोकळ्या मैदानातले प्राणी त्यांनी रेखाटले. पिंजऱ्यात जो प्राणी चित्राचा बराच भाग व्यापायचा, तो इथे विस्तीर्ण जमिनीवर लहानसा दिसतो. २०२३ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्याचं नाव होतं ‘राजकीय प्राणी’.

पळालेला बिबट्या आणि शेवटचा बैल

अमेरिकी चित्रकार वॉल्टन फोर्ड (जन्म १९६०) जुन्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतल्या चित्रांसारखी भासणारी, पण प्रचंड मोठी जलरंग चित्रं करतात. पहिल्या नजरेत ती अभ्यासाची चित्रं वाटतात. नीट पाहिलं की त्यात शिकार, वसाहतवाद आणि माणसाच्या हव्यासाच्या गोष्टी सापडतात. त्यांच्या गाजलेल्या पुस्तकाचं नाव आपल्याला ओळखीचं आहे: ‘पंचतंत्र’.

फोर्ड यांनी वारंवार रंगवलेला एक विषय खऱ्या घटनेवर आधारलेला आहे. १९३३ मध्ये झुरिकच्या प्राणिसंग्रहालयातून एक काळी बिबट्या मादी निसटली. ऐन हिवाळ्यात, बर्फात, ती सुमारे दहा आठवडे जगली. शेवटी एका कोठाराखाली ती एका शेतमजुराला सापडली. त्याने तिला मारलं आणि खाल्लं. फोर्ड यांच्या चित्रातली ती बर्फातून चालते तेव्हा ती मोकळी आहे, पण तिच्यासाठी तिथे जगण्याची जागाच नाही. पिंजऱ्याबाहेर पडणं म्हणजे घरी पोहोचणं नव्हे.

फ्रान्सिस बेकन यांनी माणूस आणि प्राणी यांच्यातली रेषाच पुसली. १९५० च्या दशकात त्यांनी कुत्रे, वानरं, चिंपांझी रंगवले. त्यांच्या अनेक चित्रांत आकृतीभोवती बारीक रेषांची पेटी असते. ही पेटी वानराभोवतीही येते आणि धर्मगुरू पोपभोवतीही. उघडलेलं तोंडही दोघांचं सारखंच. त्यांचं शेवटचं पूर्ण चित्र १९९१ मधलं ‘स्टडी ऑफ अ बुल’. त्यातला बैल काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये उभा आहे. तो आत येतो आहे की विरून जातो आहे, ते ठरवता येत नाही. पुढच्याच वर्षी बेकन यांचं निधन झालं.

पंख न हलवणारा पक्षी

स्वातंत्र्य म्हणजे पळणं आणि उधळणंच का? जगदीश स्वामिनाथन (१९२८–१९९४) यांच्या चित्रांत वेगळं उत्तर मिळतं. एकेकाळी कम्युनिस्ट कार्यकर्ते आणि पत्रकार असलेले स्वामिनाथन नंतर भोपाळच्या भारत भवनातील कलासंग्रहालयाचे शिल्पकार ठरले. आदिवासी कलावंतांची चित्रं त्यांनी तिथे शहरी कलावंतांच्या बरोबरीने मांडली.

त्यांच्या प्रसिद्ध मालिकेत पक्षी, डोंगर आणि झाड आहे. सपाट रंगाच्या आभाळात डोंगर तरंगतो आणि एक छोटा पक्षी त्याच्याजवळ स्थिर असतो. तो पंख फडफडवत नाही, कुठून पळत नाही. इथे पिंजराच नाही, म्हणून सुटकेचा आवेशही नाही. हुसेन यांचा घोडा बंधन तोडताना दिसतो. स्वामिनाथन यांच्या पक्ष्याला बंधन ठाऊकच नाही.

मग आक्षेप कशावर आहे?

गेल्या काही दशकांत एक टोकदार प्रश्न पुढे आला आहे. माणसाची घुसमट सांगायला प्राणी वापरायचा, तर त्या प्राण्याच्या स्वतःच्या घुसमटीचं काय? बैल म्हणजे ‘पिचलेला माणूस’ असं वाचलं की खरा बैल पुन्हा एकदा राबतो, या वेळी अर्थ वाहून नेण्यासाठी.

ब्रिटनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या स्यू को या चित्रकर्तीने हा प्रश्न आयुष्याचा विषय केला. त्यांचं बालपण कत्तलखान्याजवळ गेलं. पुढे त्यांनी अनेक कत्तलखान्यांना भेटी दिल्या. कॅमेरा नेता येत नसे तिथे त्या वही-पेन्सिल घेऊन जात. त्यांच्या चित्रांतलं डुक्कर हे डुक्करच आहे आणि त्याला मारणारा कामगारही त्याच यंत्रणेत अडकलेला दिसतो.

महाराष्ट्राने हा वाद अलीकडेच जवळून पाहिला. २०२५ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठातली माधुरी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानंतर गुजरातमधल्या केंद्रात हलवण्यात आली. गावकरी रडत होते, हजारो लोक रस्त्यावर उतरले, सोशल मीडियावर रोज नवे व्हिडिओ येत होते. एका बाजूला ती घरातली लेक होती, दुसऱ्या बाजूला साखळीत बांधलेली, आजारी आणि एकटी हत्तीण. दोन्ही बाजू तिच्याबद्दलच बोलत होत्या. तिचं स्वतःचं म्हणणं कुणालाच ऐकता येत नव्हतं.

या विषयावरची चांगली चित्रं हीच अडचण लपवत नाहीत. प्राणी बोलत नाही, म्हणून आपण त्याच्या तोंडी आपलं बोलणं घालतो. त्याचा फायदा असा की जे उघड बोलता येत नाही ते बोलता येतं. धोका असा की प्राणी स्वतः दिसेनासा होतो.

असं चित्र समोर आलं तर काय पाहाल?

- बंधन कुठे आहे? दोर, साखळी, गज, काच की फक्त एक रेषा? फाब्रिशिअसची साखळी शोधावी लागते, तैयब यांचा बैल लपवतच नाही.
- बांधणारा दिसतो का? बहुतेक चित्रांत तो नसतो. त्याची जागा रिकामी का ठेवली असेल?
- प्राणी कुणाकडे पाहतो? तुमच्याकडे, बाहेर की कुठेच नाही?
- ताकद किती आहे? बैल, घोडा, गोरिला असेल तर चित्र शक्तीबद्दल बोलतं. छोटा पक्षी असेल तर नाजूकपणाबद्दल.
- बाहेर काय आहे? पिंजरा उघडल्यावर प्राण्याला जायला जागा आहे का? फोर्ड यांच्या बर्फाळ चित्रात हाच प्रश्न आहे.
- प्रतीक काढून टाकलं तर काय उरतं? चित्रातला प्राणी फक्त प्राणी म्हणून पाहिला, तरी ते चित्र तुम्हाला थांबवतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर त्या चित्रात माणसाइतकीच जागा प्राण्यालाही मिळाली आहे. रीलवरून पुढे सरकण्याआधी त्याच्यासमोर आणखी मिनिटभर थांबायला हरकत नाही.